वरून बोटी, खालून गाड्या: पाण्याचा पूल बोटीच्या वजनाने का वाकत नाही?

तो फोटो तुमच्याही मोबाइलवर कधीतरी आला असेल. दोन्ही बाजूंना निळं पाणी, पाण्यातून सरळ गेलेला राखाडी रस्ता, आणि ऐन मध्यावर रस्ता गायब. गाड्या एका बाजूने पाण्यात शिरल्यासारख्या दिसेनाशा होतात, पलीकडून पुन्हा वर येतात. ज्या जागी रस्ता असायला हवा, तिथून एखादी शिडाची बोट संथपणे जात असते. फोटो फिरला की त्याच्याबरोबर प्रश्नही फिरतात. हे खरं आहे की कॉम्प्युटरवर केलेलं चित्र? मोठी बोट आली तर पूल तुटणार नाही का? पाणी गळायला लागलं तर खालच्या माणसांचं काय?

फोटो खरा आहे. ती जागा नेदरलँड्समधली, हार्डरवाइक गावाजवळची. तिथला रस्ता वेलुवेमेर नावाच्या तलावाच्या एका तुकड्याखालून जातो. पुलाच्या भक्कमपणाबद्दलची भीती बहुतेकांना वाटते आणि ती स्वाभाविकही आहे, पण तिची दिशा चुकलेली आहे. आपण डोक्यावरच्या पाण्याकडे बघून घाबरतो. असं बांधकाम उभारणाऱ्या अभियंत्याला मात्र पायाखालचं पाणी जास्त छळतं. गंमत म्हणजे वरचं पाणी निरुपद्रवी करणारा आणि खालचं पाणी धोकादायक करणारा निसर्गनियम एकच आहे. शाळेत आपण सगळ्यांनी तो पाठ केलेला असतो.

जलसेतू म्हणजे नेमकं काय?

पाणी वाहून नेणाऱ्या पुलाला जलसेतू म्हणतात. शेतीसाठी किंवा शहराला पिण्यासाठी पाणी नेणारे जलसेतू फार जुने, रोमन काळाच्याही आधीपासूनचे. पण त्यांतलं पाणी उथळ आणि वाहतं असतं, त्यात बोट घालायचा प्रश्न येत नाही. आपला विषय आहे तो बोटी जाऊ शकतील इतका रुंद, खोल आणि साठून राहिलेल्या पाण्याचा जलसेतू. कालवा किंवा तलाव आपल्या जागी तसाच राहतो आणि दरी, नदी किंवा रस्ता त्याच्या खालून जातो.

वेलुवेमेरचा जलसेतू २००२ मध्ये वाहतुकीला खुला झाला. लांबी जेमतेम २५ मीटर, रुंदी १९ मीटर, पाण्याची खोली ३ मीटर. म्हणजे आकाराने एखाद्या पोहण्याच्या तलावाएवढाच. त्याच्या खालून जाणाऱ्या एन-३०२ या रस्त्यावरून रोज सुमारे २८,००० वाहनं जातात. पाण्याच्या दोन्ही कडांना पायवाटाही आहेत, त्यामुळे चालणारा माणूस एका हाताला बोट आणि पायाखाली मोटारी असा उभा राहू शकतो.

तो रस्ता जिथे जातो ती जमीन माणसाने तयार केलेली आहे. फ्लेव्होलँड प्रांताचा हा भाग पूर्वी समुद्राच्या खाडीचा तळ होता. धरण बांधून खाडी समुद्रापासून तोडली, बांध घातले, पाणी उपसलं आणि १९५७ व १९६८ मध्ये दोन टप्प्यांत तिथे कोरडी जमीन आली. असा उपसून काढलेला प्रदेश म्हणजे पोल्डर. तो समुद्रसपाटीच्या खाली असतो आणि कायम पंप चालू ठेवूनच कोरडा राहतो.

मग नव्या आणि जुन्या जमिनीच्या मध्ये हा पाण्याचा पट्टा का शिल्लक ठेवला? याचं उत्तर पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. आधीच्या एका पोल्डरच्या वेळी, १९४२ च्या सुमाराला, नवी जमीन जुन्या किनाऱ्याला थेट चिकटवली होती. नवी जमीन खोलगट. त्यामुळे जुन्या, उंच जमिनीतलं भूजल झिरपत तिकडे उतरलं आणि जुन्या गावांकडची जमीन कोरडी पडू लागली. त्यावरून धडा घेऊन पुढच्या वेळी मध्ये तलावांची साखळी राखली, म्हणजे त्या पाण्याचा दाब जुन्या जमिनीतलं भूजल जागच्या जागी धरून ठेवील. वेलुवेमेर त्याच साखळीतला एक तलाव. आज ज्या पाण्यात लोक शिडं उभारून फिरतात, ते पाणी मुळात जमिनीखालच्या पाण्याची काळजी म्हणून तिथे आहे.

रस्ता वरून नेला असता तर?

हा प्रश्न सगळ्यात रास्त. गाड्या वरून आणि बोटी खालून, हा जगभरचा रिवाज. तो का मोडायचा?

उत्तर शिडाच्या बोटीच्या डोलकाठीत आहे. बोट पाण्यात जेमतेम दीड-दोन मीटर बुडते, पण डोलकाठी १५ ते २० मीटर उंच असू शकते. ती खालून जावी असा पूल बांधायचा तर रस्ता पाण्यापासून वीस-बावीस मीटर उचलावा लागेल. जड ट्रकला झेपेल असा चढ घ्यायचा, समजा शंभर मीटर अंतरात चार मीटर, तर एका बाजूचाच चढ साडेपाचशे मीटर लांब होतो. दोन्ही बाजू धरल्या तर किलोमीटरभराहून लांब बांधकाम, तेही सपाट प्रदेशात, वाऱ्याच्या तोंडावर.

आता खालचा हिशेब करू. पाण्याची खोली ३ मीटर, पाणी पेलणारा काँक्रीटचा थर साधारण एक मीटर, ट्रकसाठी मोकळी उंची पाचेक मीटर. रस्त्याला पाण्याच्या पातळीपासून सुमारे ९ मीटर खाली उतरावं लागतं, म्हणजे निम्म्याहून कमी. बोट उंच असते आणि उथळ बुडते. ट्रक बुटका असतो आणि त्याला खोलीची अडचण नसते. उंच वस्तूला वर आकाश मोकळं सोडायचं आणि बुटक्या वस्तूला खालून न्यायचं, हेच स्वस्त पडतं.

दुसरा मार्ग उघडझाप करणाऱ्या पुलाचा. बांधायला स्वस्त, पण प्रत्येक बोटीसाठी रस्ता थांबवायचा. सुट्टीच्या दिवशी बोटींची रांग लागते आणि त्याच दिवशी गाड्यांचीही. तिसरा मार्ग लांब बोगद्याचा. त्यात हवा खेळवण्याची यंत्रणा, चोवीस तास दिवे, आग लागली तर सुटकेच्या वाटा, असा सगळा पसारा येतो. जलसेतूखालचा रस्ता बहुतांश उघड्या खंदकातून जातो, आभाळ दिसत राहतं, आणि फक्त पंचवीस मीटर डोक्यावर छत येतं. गाडी ते अंतर एक-दोन सेकंदांत ओलांडते.

मोठी बोट आली की भार किती वाढतो?

अजिबात वाढत नाही.

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता, म्हणून सावकाश जाऊ.

काठोकाठ भरलेली बादली डोळ्यांसमोर आणा. इतकी भरलेली की आणखी एक थेंब टाकला तर सांडेल. ती वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लक्षात ठेवा. आता एक रिकामी वाटी अलगद पाण्यावर सोडा. वाटी तरंगते, थोडं पाणी बादलीबाहेर सांडतं. सांडलेलं पाणी पुसून काट्याकडे बघा. आकडा तोच. वाटीचं वजन आलं, पण नेमकं तेवढ्याच वजनाचं पाणी निघून गेलं.

यात योगायोग काहीच नाही. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम. पाणी वस्तूला वर ढकलतं त्या जोराला पाठ्यपुस्तकात प्लावक बल म्हणतात. मी पुढे त्याला नुसती ‘उचल’ म्हणेन. वस्तू तेवढीच बुडते जेवढ्यात उचल तिच्या वजनाबरोबर होईल. दहा टनांची बोट दहा टन पाणी सारते, तीनशे टनांची तीनशे टन.

जलसेतू दोन्ही टोकांना तलावाशी जोडलेला असतो, त्यामुळे तो सतत काठोकाठ भरलेल्या बादलीसारखा वागतो. बोट सेतूवर येते तसं तिच्या वजनाइतकं पाणी सेतूवरून तलावात सरकतं. बोट पुढे गेली की ते परत येतं. पुलाच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. त्याच्यावर आधीही पाण्याचं वजन होतं आणि आताही तेवढंच आहे, फक्त त्यातला थोडा भाग पाण्याच्या रूपात असण्याऐवजी बोटीच्या रूपात आहे.

याचा अर्थ पुलावरचं ओझं हलकं असतं असा मात्र घेऊ नका. २५ गुणिले १९ गुणिले ३, म्हणजे सुमारे १,४०० घनमीटर पाणी. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन, म्हणजे १,४०० टन. दर चौरस मीटरला ३ टन. माणसांची अगदी चेंगराचेंगरी झाली तरी चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या आसपास भार येतो. पाण्याचा भार त्याच्या सहापट, आणि तो रात्रंदिवस. म्हणून जलसेतू रस्त्याच्या पुलापेक्षा खूप जाड आणि बोजड असतो. पण हा भार बदलत नाही. रस्त्याच्या पुलाला कधी रिकामं, कधी ट्रकने गच्च, कधी एकाच बाजूला ओझं असे झटके रोज हजारदा सोसावे लागतात आणि त्या येजा करणाऱ्या भाराने पोलाद थकत जातं. जलसेतूला हा त्रास जवळपास नसतो.

“पण माझ्या बादलीचं वजन वाढलं!”

कोणीतरी घरी करून बघेल आणि म्हणेल, बादली पाऊण भरली होती, वाटी सोडली तर काट्यावरचा आकडा वाढला. बरोबर आहे. त्या बादलीतलं पाणी बाहेर जाऊ शकलं नाही, नुसती पातळी वर चढली. पाण्याला वाट नसेल तर वजन वाढतंच.

म्हणून खरी अट ‘पाण्याला निघून जायला वाट हवी’ ही आहे. मँचेस्टरजवळ बार्टन इथे १८९४ पासून एक जलसेतू आहे, जो खालच्या मोठ्या कालव्यातून जहाज यायचं असलं की पाण्यासकट फिरून बाजूला होतो. फिरण्याआधी त्याची दोन्ही तोंडं दारांनी बंद करतात. त्यातल्या पाण्याचंच वजन ८०० टनांच्या आसपास भरतं. आत बोट तरंगत असतानाच दारं लावली, तर पाणी आधीच बाहेर गेलेलं असल्यामुळे एकूण वजन तेच. दारं लावल्यावर वरून क्रेनने बोट उतरवली तरच ते वाढेल.

हा नियम कामाला लावलेला सगळ्यात देखणा नमुना स्कॉटलंडमध्ये आहे, फॉल्कर्कचं चाक. २००२ मध्येच सुरू झालेलं हे भलंमोठं चाक दोन टोकांना पाण्याने भरलेली दोन कुंडं घेऊन फिरतं. एक कुंड बोटीसकट वर जातं, दुसरं खाली येतं. एकात चार बोटी आणि दुसऱ्यात एकही नाही, असं असलं तरी चाक तोललेलंच राहतं, कारण पातळी सारखी असेपर्यंत दोन्ही कुंडांचं वजन सारखं. त्यामुळे पाणी आणि बोटी धरून शेकडो टन फिरवायला जेमतेम दीड युनिट वीज लागते.

चालती बोट, बुडालेली बोट

इथवरचा हिशेब उभ्या किंवा अगदी सावकाश जाणाऱ्या बोटीचा होता. बोट वेगात असेल तर बाजूला सारलेल्या पाण्याला वाट शोधावी लागते. मोकळ्या तलावात ती आरामात सापडते. अरुंद पन्हाळीत मात्र पाणी बोटीपुढे ढिगाऱ्यासारखं साचतं, बाजूंनी जोरात मागे धावतं आणि बोटीची पातळी किंचित खाली जाते. म्हणून अरुंद जलसेतूवर बोटी धिम्या चालवतात.

पुढे साचलेल्या या पाण्याने विज्ञानाला एक मोठा शोध दिला. १८३४ मध्ये जॉन स्कॉट रसेल हे अभियंते एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यावर घोड्यांनी ओढली जाणारी बोट पाहत होते. बोट अचानक थांबली, पण तिच्यापुढे साचलेला पाण्याचा गोलसर उंचवटा थांबला नाही. फूट-दीड फूट उंचीची ती एकच लाट, आकार न मोडता, कालव्यातून पुढे निघाली. रसेल यांनी घोड्यावरून मैल-दोन मैल तिचा पाठलाग केला. पुढे अशा एकट्या लाटेला ‘सॉलिटॉन’ हे नाव पडलं आणि प्रकाशतंतूंतून संदेश पाठवण्याच्या अभ्यासापर्यंत तिचं गणित जाऊन पोचलं.

त्याच कालव्याला १९८७ मध्ये एडिंबरोचा वळणरस्ता आडवा आला. बोटींची वाहतूक तेव्हा बंद होती, १९६५ पासूनच. तरी कालवा न बुजवता त्याला रस्त्यावरून नेणारा जलसेतू बांधला आणि त्याला स्कॉट रसेल यांचं नाव दिलं. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच सेतूवर, खालून गाड्या धावत असताना, बोट वापरून ती लाट पुन्हा निर्माण करून पाहिली. २००१ मध्ये कालवा बोटींसाठी परत खुला झाला तेव्हा हा सेतू तयारच होता. कालवा मेला असं गृहीत न धरणाऱ्या त्या निर्णयाचं मला फार कौतुक वाटतं. त्या वर्षी पैसे वाचवायचे म्हणून रस्त्याखालून नुसती पाइपलाइन टाकली असती, तर कोणी तक्रारही केली नसती.

आता बुडालेली बोट. सेतूवरच बोट बुडाली तर उचलीचा हिशेब बिघडतो. दहा टनांची पोलादी बोट पाणी भरून तळाला बसली, तर ती फक्त तिच्या पोलादाच्या आकारमानाएवढं पाणी सारते, म्हणजे साधारण सव्वा टन. उरलेला पावणेनऊ टनांचा भार सेतूच्या तळावर येतो. पण आधीच १,४०० टन पेलणाऱ्या बांधकामापुढे हा आकडा किरकोळ. त्यापेक्षा कडेच्या भिंतीला बसणाऱ्या धडकेची काळजी जास्त घ्यावी लागते, म्हणून कडांना आडवे ओंडके किंवा रबराचे ठोकळे लावतात.

पाणी गळत कसं नाही?

गळतं, पण सांध्यातून. अख्ख्या थरातून नाही. चांगलं काँक्रीट जाड असेल, सळया दाट असतील आणि भेगा केसाएवढ्या बारीक राखल्या असतील, तर त्यातून पाणी जवळपास जातच नाही. अडचण येते ती सेतू जिथे जमिनीला भेटतो तिथे. ऊन-थंडीने पूल लांबतो, आखडतो. शंभर मीटर पोलाद तीस अंशांच्या फरकाने साडेतीन सेंटीमीटरच्या वर सरकतं. सरकणारा आणि तरीही न गळणारा सांधा बनवणं हे या कामातलं खरं कसब.

वेल्समधला पॉन्टकसिल्टे जलसेतू या कसबाचा मूळपुरुष म्हणावा लागेल. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांच्या देखरेखीखाली तो बांधला आणि १८०५ मध्ये खुला केला. डी नदीच्या खोऱ्यावर, अठरा दगडी खांबांवर, सुमारे ३०७ मीटर लांब आणि ३८ मीटर उंच अशी ओतीव लोखंडाची पन्हाळ. पत्र्यांचे सांधे बंद करायला साखरेच्या उकळत्या पाकात बुडवलेलं लोकरी फलाणीन आणि शिसं वापरलं. दोनशे वर्षांनंतरही त्यातून बोटी जातात. तिथली एक बारीक हुशारी सांगितल्याशिवाय राहवत नाही: बोटी ओढणाऱ्या घोड्यांची पायवाट त्यांनी पाण्याच्या शेजारी न ठेवता पाण्याच्या वर, खांबांवर बसवली. त्यामुळे बोटीने सारलेलं पाणी पायवाटेखालून मागे सरकतं. दिसताना पन्हाळ अरुंद, पाण्यासाठी मात्र रुंद.

गळती वाढलीच तर? दोन्ही टोकांना फळ्या किंवा दारं उतरवण्यासाठी खाचा असतात. त्या बंद केल्या की तलाव वेगळा पडतो आणि फक्त सेतूवरचं पाणी उरतं. ते सावकाश सोडून देऊन दुरुस्ती करता येते. पॉन्टकसिल्टेला तर मध्यावर चक्क बूच आहे. तपासणीच्या वेळी ते उघडतात आणि पाणी धबधब्यासारखं खालच्या नदीत कोसळतं.

मोठ्या जहाजांचं काय?

हौशी बोटींसाठी तीन मीटर पाणी पुरतं. मालवाहू जहाजांसाठी याच कल्पनेचे अजस्र अवतार आहेत. बेल्जियममध्ये ला लुव्हिएरजवळचा सार जलसेतू, ४९८ मीटर लांब, सुमारे ६५,००० टनांचा, गजबजलेल्या रस्त्यांच्या चौकावरून कालवा नेतो. तोही २००२ चाच. जर्मनीतला मागडेबुर्गचा जलसेतू २००३ मध्ये खुला झाला. तो ९१८ मीटर लांब आहे, एल्ब नदीवरून जातो आणि त्यात सव्वाचार मीटर पाणी असतं. त्याचं काम १९३० च्या दशकात सुरू झालं होतं. १९४२ मध्ये युद्धामुळे ते थांबलं, मग देशाची फाळणी झाली आणि दोन कालवे नदीच्या दोन काठांवर अर्धशतकाहून जास्त काळ एकमेकांची वाट बघत राहिले. तोवर जहाजांना नदीत उतरून बारा किलोमीटरचा वळसा घालावा लागे, आणि नदी आटली की माल कमी भरावा लागे.

नेदरलँड्समध्ये तर काही ठिकाणी जलसेतूसाठी रस्त्याला फारसं खाली उतरावंही लागत नाही, कारण तिथे जमीनच पाण्याच्या खाली असते. हार्लेमरमेर नावाचा तलाव १८५२ पर्यंत उपसून कोरडा केला, आणि त्याला वेढणारा कालवा वरच्या पातळीवर राहिला. १९६१ मध्ये ए-४ महामार्ग त्या कालव्याखालून नेला. गाडीतला माणूस उतारावरून पोल्डरमध्ये शिरतो आणि जहाज त्याच्या डोक्यावरून जातं.

मग खरी भीती कशाची?

आता जमिनीखाली येऊ.

वेलुवेमेरचा रस्ता पाण्याच्या पातळीपासून नऊएक मीटर खाली उतरतो असं आपण धरलं. आजूबाजूची जमीन वाळूची किंवा गाळाची असेल, तर तिच्यातही पाणी भरलेलं असतं, जवळजवळ तलावाच्याच पातळीला. अशा जमिनीत खड्डा खणला की तो पाण्याने भरतो. म्हणून रस्ता काँक्रीटच्या लांबलचक कुंडात बसवतात. तळ, दोन भिंती, वरून उघडं.

आता त्या कुंडाकडे नीट बघा. पाण्याने भरलेल्या जमिनीत बसवलेला, आत हवा असलेला, वरून उघडा, काँक्रीटचा एक पोकळ आकार. ही तर बोट झाली! आर्किमिडीजच्या नियमाला वाळू आणि तलाव यांतला फरक कळत नाही. कुंडाने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या वजनाची उचल त्याला मिळणारच. रिकामं पातेलं पाण्यात दाबून पाहा, हाताला जी ढकल जाणवते तीच ही.

आकडे मांडले की धोका समजतो. नऊ मीटर खोलीवर पाण्याचा वर ढकलणारा जोर दर चौरस मीटरला ९ टन. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २.४ टन. म्हणजे तळ एक मीटर जाड केला तरी तो फक्त २.४ टनांनी खाली दाबतो. नुसत्या तळाच्या वजनावर कुंड जागी ठेवायचं तर तो जवळजवळ पावणेचार मीटर जाड हवा, आणि तेवढा जाड करायचा तर आणखी खोल खणावं लागतं, मग उचलही वाढते. वरून गाड्या जातात, पण त्यांच्या वजनावर भरवसा ठेवता येत नाही. रात्री तीन वाजता रस्ता रिकामा असतो. उचल मात्र तेव्हाही तेवढीच असते.

म्हणून तळाखाली ओढखांब घालतात. नेहमीचा पायाचा खांब इमारतीला खाली खचू देत नाही. ओढखांब उलटं काम करतो, तो बांधकामाला वर येऊ देत नाही. वाऱ्यात तंबू उडू नये म्हणून आपण खुंट्या ठोकतो, तसाच हा प्रकार. कुंडाच्या तळातून खोल जमिनीत रोवलेले असे शेकडो खांब किंवा पोलादी गज रस्त्याला अक्षरशः खाली बांधून ठेवतात.

इथे एक उलटी गोष्ट लक्षात येते. ज्या पंचवीस मीटरमध्ये डोक्यावर पाणी आहे, तिथे चौरस मीटरला तीन टन पाणी आणि जाड छत भिंतींमार्फत खाली दाब देतं. ते पाणी रस्त्याला जागेवर ठेवायला मदत करतं. उचलीचा त्रास जास्त होतो तो त्याच्या अलीकडे-पलीकडे, जिथे रस्ता खोल आहे पण वर छत नाही, आभाळ दिसतं, आणि गाडी चालवणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं तिथे.

हे कधी बिघडलंय का?

हो. नेदरलँड्समध्येच, फ्रिसलंड प्रांतात, ए-७ महामार्ग प्रिन्सेस मार्खरीट कालव्याखालून जातो. १९७८ मध्ये बांधलेला तो भुयारी रस्ता. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या तळाचा एक भाग वर उचलला गेला आणि महामार्ग बंद करावा लागला. वरच्या कालव्यातून जहाजं जात होती, छत शाबूत होतं. तुटलं होतं ते तळाला खाली धरून ठेवणारं पोलाद. त्याआधी २०१० मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला, झेलंडमधल्या फ्लाके बोगद्यातही तळ असाच वर आला होता.

असं घडलं की करायचं काय, याची उत्तरं नियमातूनच निघतात. एक तर वजन वाढवा, म्हणजे तळावर भार रचा. नाहीतर उचल कमी करा, म्हणजे भोवतीचं भूजल पंपाने उपसून पातळी खाली आणा. आणि मग नवे ओढखांब घाला. यातला दुसरा उपाय ऐकायला सोपा, पण वेलुवेमेरसारखे तलाव का राखले ते आठवा. भूजल बेफाम उपसलं तर आजूबाजूची जमीन कोरडी पडते, खचते, घरांच्या पायांना धोका होतो. त्यामुळे उपसाही मोजून, मर्यादित काळच करावा लागतो.

तपासणीची अडचण यापुढची आहे. वरची पन्हाळ रिकामी करून आतून पाहता येते, हातोडीने ठोकून आवाज ऐकता येतो, सांधा बदलता येतो. ओढखांब मात्र तळाखाली, पाण्याने भरलेल्या जमिनीत गाडलेले असतात. तिथे डोळा पोचत नाही. म्हणून अशा रस्त्यांच्या तळावर ठरावीक ठिकाणी खुणा बसवतात आणि त्यांची उंची वरचेवर, मिलिमीटरपर्यंत मोजतात. एखादी खूण शेजारच्या खुणांपेक्षा किंचित वर गेलेली दिसली, की वाहतूक थांबवण्याची तयारी सुरू होते.